नॅनोकण आणि अडकलेलं तेल : भांडण अर्ध्या मिलिलिटरचं

पिपेट (धागाकर्ता)

तेलाची विहीर ‘आटली’ असं आपण म्हणतो, तेव्हा खाली तेल संपलेलं नसतं. साठ्याच्या स्वतःच्या दाबावर साधारण ५ ते १५ टक्के तेल वर येतं. मग शेजारच्या विहिरीतून पाणी ढकलतात, त्याने आणखी काही येतं. एवढं सगळं उरकल्यावरही जगभरची सरासरी एक तृतीयांशाच्या आसपासच घुटमळते. बाकीचं तेल खडकातच राहतं आणि विहिरीला टाळं लागतं.

या उरलेल्या तेलावर डोळा ठेवून आजवर पॉलिमर आले, सर्फॅक्टंट (साबणासारखी द्रव्यं) आले, कार्बन डायऑक्साइड आला. गेली पंधराएक वर्षं नॅनोकणांचा बोलबाला आहे. सिलिका, ॲल्युमिना, टायटॅनिया, ग्राफीन, काय हवं ते घ्या. दहा-वीस नॅनोमीटरचे कण पाण्यात मिसळायचे, ते पाणी साठ्यात सोडायचं आणि पलीकडच्या विहिरीतून जास्तीचं तेल घ्यायचं. शोधनिबंधांचा पाऊस पडतोय आणि प्रत्येकात ‘५ टक्के वाढ’, ‘१० टक्के वाढ’.

भांडायला सोपं जावं म्हणून माझं मत आधीच सांगतो. एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत नॅनोकणांचं पाणी ढकलून तेल काढायचा प्रकार प्रयोगशाळेतल्या नळकांड्यात जन्मला आणि तो तिथेच राहणार.

हे ऐकीव नाही. दोन वर्षं मी हेच काम केलंय. आमचा खडकाचा नमुना, म्हणजे कोअर, ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि साडेसात सेंटिमीटर लांबीचा. आकारमान ८५ घनसेंटिमीटर. त्यात २० टक्के पोकळी, म्हणजे १७ मिलिलिटर. त्यातली ७० टक्के तेलाने भरली की झालं १२ मिलिलिटर. आता ‘५ टक्के जास्त तेल’ म्हणजे किती? ०.६ मिलिलिटर. शाईच्या पेनातसुद्धा याहून जास्त शाई मावते.

हे तेल मोजायचं कसं, तर बाहेर येणारा द्रव खुणा केलेल्या काचेच्या नळीत गोळा करायचा. पाणी खाली, तेल वर. साध्या पाण्याच्या प्रयोगात दोघांमधली रेघ लख्ख दिसते. नॅनोकण सोडले की त्या रेघेच्या जागी करड्या रंगाची एक साय येते. कण तेल-पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतात, थेंबांना चिलखत घालतात आणि ती साय रात्रभर ठेवली तरी मोडत नाही. ती तेलात धरली तर माझी वाढ ७ टक्के, पाण्यात धरली तर २. सरांना विचारलं, काय लिहू? शेवटी आम्ही मधोमध रेघ मारली. ४.५. तोच आकडा छापला गेला.

तेव्हापासून कुठलाही ‘५ टक्के’ वाचला की मला ती साय दिसते. बोला आता.

शंकासुर

विषय डोक्यावरून जाणारा, पण वाचायला मजा आली. एक बाळबोध शंका. खाली तेलाचं तळं असतं ना? मग पंपाने उपसलं की संपलं. हे ‘अडकतं’ म्हणजे नक्की काय होतं?

पिपेट

तळं-बिळं काही नसतं. पाणी प्यालेली वीट डोळ्यापुढे आणा. तेल खडकाच्या कणांमधल्या फटींत असतं. या फटी एकमेकींना अरुंद मानांनी जोडलेल्या असतात, साधारण काही मायक्रोमीटर रुंदीच्या. पाणी ढकललं की ते मोकळ्या वाटेने पुढे पळतं आणि मागे तेलाचे सुटे थेंब राहतात. थेंबाला मानेतून निसटायचं तर आधी आकार बदलायला हवा, आणि तेल-पाण्यामधला ताण त्याला तसं करू देत नाही. मान एक मायक्रोमीटर त्रिज्येची धरली तर थेंबाला तोंड आत घालायलाच सुमारे ५०,००० पास्कल दाब लागतो. वाहत्या पाण्याचा एका थेंबापुरता जोर त्यापुढे काहीच नाही.

उत्खनक

धाग्याबद्दल धन्यवाद, पण मताशी साफ असहमत. तुमची साय मोडली नाही हा तुमच्या प्रयोगाचा दोष, विषयाचा नव्हे. सेंट्रिफ्यूज नव्हता का? प्रयोग संपल्यावर कोअर टोल्युइनने धुऊन आत किती तेल उरलं ते मोजता येतं. चुंबकीय अनुनादाने न धुताही मोजता येतं. नळीवरची रेघ वाचणं ही सगळ्यात कच्ची पद्धत.

आता मुद्द्याचं. थेंब फक्त मानेत अडकतो असं नाही, तो खडकाच्या भिंतीलाही चिकटतो. जुन्या साठ्यांतले बरेच खडक, विशेषतः चुनखडीचे, ‘तेलप्रेमी’ झालेले असतात. तेलातले ॲस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखे जड घटक, वर्षानुवर्षं भिंतीवर बसून तसा लेप देतात. नॅनोकण हा स्वभाव उलटा करतात आणि भिंत पाण्याकडे झुकते. वासन आणि निकोलोव या जोडीने २००३ मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवलं, की थेंब आणि भिंत यांच्यामधल्या पाचरीसारख्या फटीत कण ओळीने रचले जातात आणि त्या रचनेच्या दाबाने थेंब भिंतीवरून सुटू लागतो. ही काय थाप आहे?

शिवाय २०१६ साली ह्यूस्टन विद्यापीठातल्या गटाने ग्राफीनचे दुतोंडी पापुद्रे करून पाहिले. एक बाजू पाण्याची, दुसरी तेलाची. पाण्यात फक्त ०.०१ टक्के घातले आणि १५.२ टक्के जास्त तेल मिळालं, तेही मिठाच्या पाण्यात. १५ टक्क्यांमध्ये तुमची साय बसत नाही.

पिपेट

सेंट्रिफ्यूज होता. फिरवल्यावर साय पातळ व्हायची, जायची नाही. टोल्युइनचा मुद्दा मान्य, तो आम्ही शेवटच्या चार कोअरवरच केला. बाकी ह्यूस्टनचं काम मी वाचलंय, चांगलं आहे. पण तेही कोअरच. त्या पापुद्र्यांचं पाणी दोन विहिरींमधलं अंतर कापून गेलं आणि पलीकडे तेल वाढलं, असं कुणी दाखवलंय का?

क्षारपाणी

रसायनवाला म्हणून दोन गोष्टी.

पहिली, ती पाचर. वासन-निकोलोव यांची कल्पना सुंदर आहे, पण त्या दाबाला कणांची गर्दी लागते. आपण पाण्यात घालतो ०.१ टक्का. १० नॅनोमीटरची सिलिका धरा. घनमीटरमागे कण मोजा, त्याला तापमानाची ऊर्जा लावा, परासरण दाब निघतो जेमतेम साडेतीन पास्कल. पिपेट यांनी मानेतला दाब दिलाय ५०,००० पास्कल. साडेतीन पास्कलने कुणाला उचलणार?

दुसरी, आणि खरी गोची, मीठ. हे कण एकमेकांपासून लांब राहतात ते अंगावरच्या विद्युतभारामुळे. त्या भाराचं एक अदृश्य कवच असतं. लिटरला एक मिलिमोल साधं मीठ असेल तर कवच साधारण १० नॅनोमीटर जाड. समुद्राच्या पाण्यात ते ०.४ नॅनोमीटरपेक्षा कमी उरतं. साठ्यातलं पाणी याहून वाईट. समुद्रात लिटरला ३५ ग्रॅम क्षार, काही साठ्यांत २०० ग्रॅमच्या वर. कवच गेलं की कण एकमेकांना धरून गुठळी होते. सिलिका त्यातल्या त्यात हट्टी, साध्या मिठात बराच तग धरते, पण कॅल्शियम आला की मान टाकते. थोडं आम्ल घालून पीएच उतरवला तर पुन्हा टिकते असं लोक लिहितात. खरंय. फक्त खडकात कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज) असला की तो ते आम्ल वाटेतच खाऊन टाकतो, हे लिहायचं राहून जातं.

कितीतरी निबंधांत नॅनोकण ऊर्ध्वपातित पाण्यात असतात. साठ्यात ऊर्ध्वपातित पाणी कोण ओतणार आहे?

उत्खनक

परासरण दाबाचा हिशेब बरोबर, तुलना चुकीची. मानेतला दाब थेंबाला पिळून पलीकडे नेण्यासाठी लागतो. पाचर भिंतीवरच्या चिकटपणावर काम करते, आणि टोकाशी कण दाटतात तिथली गर्दी सरासरीपेक्षा जास्त असते. दोन वेगळी कुलपं, तुम्ही एकाची किल्ली दुसऱ्याला लावताय.

मिठाचं म्हणाल तर तो प्रश्न सुटलाय. कणांवर पॉलिमरची लव बसवली की विद्युतभाराची गरजच उरत नाही. सौदी अरामकोने फ्लोरोसंट कार्बनचे कण, त्यांच्या भाषेत ‘ए-डॉट्स’, घवार तेलक्षेत्राच्या अरब-डी नावाच्या थरात सोडले होते. तिथलं पाणी समुद्राच्या तिप्पट-चौपट खारट, तापमान १०० अंशांच्या आसपास. एका विहिरीत सोडून, काही दिवस थांबून, तिथूनच परत उपसले आणि बहुतांश कण धडधाकट परत आले. यंदाची नव्हे, २०१० च्या आसपासची गोष्ट आहे. टेक्सास विद्यापीठातली ॲडव्हान्स्ड एनर्जी कन्सॉर्टियम ही संशोधन संघटना २००८ पासून याच मागे लागली होती. खाऱ्या गरम पाण्यात कण टिकत नाहीत हे वाक्य आता तरी सोडा.

हिशेबनीस

मी तेलातला नाही, पण आकड्यांचं दुखणं जुनं आहे. तुम्ही सगळे मिलिलिटरमध्ये बोलताय म्हणून साठ्याच्या मापाने करून पाहिलं. चूक असेल तर कान धरा.

एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा तुकडा, थर १० मीटर जाड. खडक एक कोटी घनमीटर. पोकळी २० टक्के, म्हणजे २० लाख घनमीटर. पोकळीच्या ०.३ पट नॅनोपाणी सोडलं, म्हणजे ६ लाख घनमीटर. ०.१ टक्का कण म्हणजे घनमीटरला एक किलो. एकूण ६०० टन.

तेल काय मिळेल? मूळ तेल पोकळीच्या ७० टक्के, १४ लाख घनमीटर. पिपेटचे ५ टक्के खरे मानले तर ७०,००० घनमीटर, म्हणजे सुमारे ४ लाख ४० हजार पिंपं. पिंपामागे १.३६ किलो कण. इथवर मला वाटलं, जमतंय की! उत्खनक जिंकले.

मग लक्षात आलं, कण खडकाला चिकटणार. उत्खनक स्वतःच म्हणतात की चिकटून भिंतीचा स्वभाव बदलतात. किती चिकटतील? कंजूषपणे धरू, खडकाच्या ग्रॅमला ०.१ मिलिग्रॅम. एक कोटी घनमीटरमधली पोकळी सोडून उरलेला खडक, घनता २.६५, वजन २ कोटी १२ लाख टन. चिकटणारे कण २,१२० टन. आपण सोडले ६००.

म्हणजे वाटेचा एक तृतीयांश भाग ओलांडायच्या आत सगळे कण भिंतीला लागलेले आणि पुढे नुसतं पाणी. कणांचं प्रमाण तिप्पट-चौपट करा, पिंपामागचे किलोही तिप्पट-चौपट.

शंकासुर

हिशेबनीस, दंडवत.

क्षारपाणी

+१. त्यात भर घालतो. वाळूखडकाच्या एका ग्रॅममध्ये आतला पृष्ठभाग साधारण एक चौरस मीटर धरला, आणि १० नॅनोमीटरचे कण त्यावर टिकल्यांसारखे एकेक करून चिकटवले, तर ०.१ मिलिग्रॅममध्ये झाकला जातो एक टक्क्याहूनही कमी भाग. म्हणजे २,१२० टन खर्चून भिंत ९९ टक्के उघडीच. एवढ्याने भिंतीचा स्वभाव बदलत असेल तर भिंत फारच भोळी.

उत्खनक

टाळ्या पिटून झाल्या असतील तर बोलतो.

चिकटणं हा काही खडकाचा ठरलेला कर नाही, की ग्रॅममागे एवढे मोजायचेच. कणावरचा लेप बदलला की ते प्रमाण दहापट कमी-जास्त होतं. चिकटलेल्यांतले काही मागून आलेलं पाणी सोडवूनही नेतं. ए-डॉट्स परत आले ते याच कारणाने. हिशेबनीसांनी एक आकडा मनाने धरला आणि त्यावर इमला चढवला. ०.०१ मिलिग्रॅम धरा, २१२ टन. मग ६०० टनांत काम होतं.

हिशेबनीस

आकडा मनाचा, कबूल. मग एकच प्रश्न. ए-डॉट्स परत आले कारण ते चिकटू नयेत म्हणूनच घडवले होते. ते टपाल्याचं काम करतात, खाली काय आहे त्याची बातमी आणतात. तुम्हाला कामगार हवाय, जो भिंतीला भिडून तेल सोडवेल. भिंतीला भिडणारा कण लांब जात नाही आणि लांब जाणारा भिंतीला भिडत नाही. दोन्ही गुण एकाच कणात कसे आणणार?

उत्खनक

तेल दिसेपर्यंत गप्प, तेल दिसलं की चिकटणारा कण. दुतोंडी पापुद्र्यांची कल्पना तीच आहे, ते भिंत सोडून तेल-पाण्याच्या सीमेवर जातात.

पिपेट

आणि सीमेवर जाऊन साय करतात :)

रिगवरचा

बराच वेळ वाचत होतो. तुम्ही दोन्ही पार्ट्या साठ्याच्या मधोमध भांडताय, विहिरीकडे कुणाचं लक्षच नाही.

आधी एक किस्सा, सिलिकाच्या एका कामावरचा. कंपनी-बिंपनीचं नाव नको. माल ड्रममधून आला, दुधी-निळसर पाणी. वाटेत कुठेतरी थंडीत गोठून पुन्हा वितळलेला असणार. वरून बघाल तर ठीक. पहिला ड्रम उपडा केला, अर्ध्यावर धार थांबली. आत हात घातला तर तळाला लगदा, खरवडून काढावा असा. सिलिका एकदा गोठली की परत पाण्यात जात नाही, हे आम्हाला तिथे कळलं. उरलेल्यातलं पातळ-पातळ वापरून पंप सुरू केला, तर वीस मिनिटांत फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक चढायला लागला. काट्रिज बाहेर काढलं, चिकट राखाडी मोजा झालेला. बदललं. पुन्हा तेच. चौथ्या काट्रिजला साहेब म्हणाले, बंद करा. त्या दिवशी खडकापर्यंत काही पोचलंच नाही, म्हणजे प्रयोग फसला की नाही हेसुद्धा सांगता येत नाही.

पण याचा अर्थ प्रकार बाद, असं माझं मत नाही. हिशेबनीस, तुमचाच हिशेब विहिरीभोवती करा. तीन मीटर त्रिज्या, थर १० मीटर. खडक २८३ घनमीटर, पोकळी ५७ घनमीटर. ०.१ टक्क्याने कण लागतात ५७ किलो. खडकाचं वजन सुमारे ६०० टन, तुमच्या ०.१ मिलिग्रॅमने चिकटणारे कण ६० किलो. म्हणजे जेवढे सोडले तेवढे सगळे चिकटले. आणि इथे चिकटलेलेच हवेत! ॲस्फाल्टीन साचून बुजतो तो विहिरीभोवतीचाच भाग. वर येणारं प्रत्येक थेंब तेल याच तीन मीटरमधून जातं.

कोलंबियात हे केलंय. तिथली तेलकंपनी इकोपेट्रोल आणि मेडेलिनमधलं राष्ट्रीय विद्यापीठ यांनी कुपियाग्वाच्या एका विहिरीत ॲल्युमिनाचे कण ॲस्फाल्टीनसाठी सोडले. पुढे कास्तिया आणि चिचिमेने या जड तेलाच्या क्षेत्रांतही विहिरीभोवती नॅनोद्रव वापरून तेलाची हालचाल सुधारते का ते पाहिलं आणि निकाल जाहीरपणे मांडले. कण टँकरने येतात, एका दिवसात आत जातात, आठवड्यात फरक कळतो. नाही कळला तर नुकसान एका विहिरीचं.

हिशेबनीस

५७ सोडायचे आणि ६० चिकटायचे. हे मला सुचायला हवं होतं.

पिपेट

रिगवरचा, हे मान्यच. माझं मत मी विहीर ते विहीर एवढ्यापुरतंच ठेवलं होतं, वर पाहा. पण मग त्याला ‘साठ्यातून जास्त तेल काढणं’ म्हणू नका. ही विहिरीची डागडुजी झाली. आम्लाने धुतात, सॉल्व्हंटने धुतात, तसंच. खडकात अडकलेलं तेल तिथेच आहे.

रिगवरचा

नावात काय ठेवलंय? जड तेलाची विहीर बुजल्यामुळे सोडून द्यायची वेळ येते तेव्हा ते तेलही ‘राहिलेलं’च की.

सावली

एवढा किस पाडताय, पण मुळात हे तेल काढायचंच कशाला? हिशेबनीसांची ४ लाख ४० हजार पिंपं जाळली की पिंपामागे साधारण ०.४३ टनाने १ लाख ९० हजार टन कार्बन डायऑक्साइड. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२१ च्या अहवालात लिहिलं, २०५० पर्यंत निव्वळ शून्य गाठायचं तर आधीच मंजूर झालेली सोडून नवी तेलक्षेत्रं उघडायला नकोत. आणि तुम्ही जुनी पिळायचं तंत्र शोधताय. अडकलंय ते अडकू द्या. खडक फुकटात साठवतोय.

उत्खनक

तुम्ही दिलेलं वाक्यच माझ्या बाजूचं आहे. नवी क्षेत्रं नकोत म्हणालात ना? मग जुन्यातून काढा. तिथे रस्ते, नळ, विहिरी सगळं आहे. नव्या जागी ड्रिलिंग करून, नवी पाइपलाइन टाकून तेवढंच तेल आणण्यापेक्षा हे बरं. मागणी आहे तोवर ते पिंप कुठून तरी येणारच.

शिवाय नॅनोकणांचा एक उपयोग अजून कुणी काढलाच नाही. कार्बन डायऑक्साइड साठ्यात सोडून तेल काढतात, टेक्सासच्या सॅक्रॉक क्षेत्रात हे १९७२ पासून चालू आहे. त्यात अडचण अशी, की वायू तेलापेक्षा फार पातळ. तो पसरत नाही, बोटं फुटल्यासारखा पुढे घुसतो आणि पलीकडच्या विहिरीतून निसटतो. त्याचा फेस केला तर जाड होऊन पसरतो. साबणाचा फेस गरम खाऱ्या पाण्यात लवकर मरतो, सिलिकाचे कण बुडबुड्याच्या भिंतीत बसले की फेस टिकतो. पिपेटच्या सायीचंच तत्त्व, रॅम्सडेन आणि पिकरिंग यांनी १९०३ ते १९०७ च्या दरम्यान सांगितलेलं. नळीतली साय डोकेदुखी, खडकातली साय वरदान. आणि वायू जास्त पसरला तर जास्त खालीच राहतो. सावली, हे तरी चालेल?

सावली

‘कुठून तरी येणारच’ हे प्रत्येक जण म्हणतो, आणि म्हणूनच ते येतं. वायूबद्दल: तुमचं सॅक्रॉक ज्यात येतं त्या टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यात सोडल्या जाणाऱ्या वायूतला मोठा भाग कोलोरॅडोतल्या मॅकएल्मो डोमसारख्या नैसर्गिक साठ्यांतला असतो. तो मुळात जमिनीखालीच होता. जमिनीतून काढून नळाने नेऊन पुन्हा जमिनीत घातला, वर तेल काढून जाळलं. याला हवामानाची सेवा म्हणायचं? धुराड्यातला वायू असेल तर बोलू.

उत्खनक

धुराड्यातला असेल तर, हे लिहून ठेवतो. पुढच्या वेळी माघार नको.

क्षारपाणी

फेसाचं मात्र मलाही पटतं. तिथे कणांना भिंत नको, बुडबुडा हवा, आणि बुडबुडे वाटेत जागोजागी नवे तयार होतात. चिकटून वाया जाणारे कण आहेतच, पण गणित मघासारखं हताश नाही.

हिशेबनीस

मी काल उगाच वाचत बसलो. उत्तर समुद्रातलं एकोफिस्क, १९६९ मध्ये सापडलेलं. सुरुवातीला वाटलं होतं १७ टक्के तेल निघेल. १९८७ पासून समुद्राचं पाणी सोडायला लागले आणि आता अंदाज ५० टक्क्यांच्या वर. म्हणजे तिप्पट! साधं समुद्राचं पाणी. त्या चॉकच्या खडकाला ते पाणी मानवलं, दाब टिकला, आणि थर खचल्यानेही हातभार लागला. एक ग्रॅम नॅनोकण नाही. मग पैसा आणि डोकी पाणी नीट खेळवण्यावर का लावू नयेत?

उत्खनक

एकोफिस्कसारखा खडक रोज सापडत नाही. आणि घाई कसली आहे तुम्हाला? पॉलिमरचा पाया घालणारे निबंध १९६४ चे, चीनमधल्या दाचिंग क्षेत्रात तो मोठ्या प्रमाणावर वापरायला लागले १९९६ मध्ये. ३२ वर्षं. मधल्या काळात असाच एखादा धागा निघाला असता तर तुम्ही सगळ्यांनी पॉलिमरही पुरला असता.

पिपेट

फरक आहे. पॉलिमरने पाणी जाड होतं हे बादलीतही दिसत होतं, खडकातही आणि मैदानातही. प्रश्न फक्त पैशाचा आणि टिकण्याचा होता. इथे कण नक्की काय करतो यावरच तीन मतं आहेत. कुणी म्हणतं भिंत बदलतो, कुणी म्हणतं ताण उतरवतो, कुणी म्हणतं माना बुजवून पाण्याला दुसऱ्या वाटेने पाठवतो. सर्फॅक्टंट तेल-पाण्याचा ताण मीटरला पंचवीस मिलिन्यूटनवरून एका मिलिन्यूटनच्या हजारांशावर आणतो, तसं काही नुसती सिलिका करत नाही. मग तिसरंच खरं असेल तर सिलिकाच कशाला, बारीक चिखल टाका.

क्षारपाणी

प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

उत्खनक

पिपेट, भांडण बाजूला ठेवून एक विचारतो. तुमच्या त्या ४.५ च्या प्रयोगात नॅनोपाणी सोडायच्या आधी साध्या पाण्याचा वेग वाढवून पाहिला होता का? तेल यायचं पूर्ण थांबलं होतं याची खात्री होती? बऱ्याच निबंधांत इथेच लबाडी असते, आणि ती तुमच्याही बाजूला असू शकते नि माझ्याही.

पिपेट

वही शोधली. पाहिला होता, एका जोडीच्या कोअरवर. वेग दुप्पट केला, साधंच पाणी, ०.३ मिलिलिटर तेल आलं. समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘पुन्हा करून बघणे’. केलं नाही. लेखातही घातलं नाही.

हिशेबनीस

०.३ भागिले १२, अडीच टक्के. तुमचे ४.५ मधून वजा केले तर उरले २.

उत्खनक

दोन म्हणजे शून्य नव्हे.

पिपेट

दोन म्हणजे साय पाण्यात धरली तर येतो तोच आकडा. नळ्यांचे फोटो जुन्या डिस्कवर असतील, रविवारी बघतो.

उत्खनक

सगळे टाका. साध्या पाण्याच्या नळ्यांचेसुद्धा.